बंदीचा भात

बाहोदोपी, मोरोवाली
१४ मे २०२२

बापाक,

फोन आपटला की भांडण संपतं असं तुम्हाला वाटत असेल, पण माझं बोलणं अर्ध्यावर राहिलंय. तुम्ही म्हणालात, "बंदीचा भात खाणाऱ्यानं मला बंदी शिकवू नये," आणि खट्कन बंद. तेव्हापासून मी फोन करतोय, तो वाजतोय आणि कुणी उचलत नाही. वीजी सांगते, बापाक फोन तांदळाच्या डब्यात ठेवून झाडांकडे जातात. ठेवा. कागद कुठल्या डब्यात ठेवणार? पोनिरान सुट्टीवर गावी निघालाय, हे त्याच्या हाती देतोय. तुम्ही शेवटपर्यंत वाचेपर्यंत ओसरीवरून उठू नकोस असं त्याला बजावलंय. त्याला कॉफी द्या, साखर जास्त लागते त्याला.

सलाम राहिलाच. तुमची तब्येत बरी असेल. गुडघ्याला तेल चोळता की नाही? ईदला आलो नाही, तुमच्या पायांशी बसून माफी मागायची राहिली. ती इथूनच मागतो. जाणता अजाणता जे काही चुकलं ते पोटात घाला. झालं. आता पुढचं ऐका, कारण पुढचं चुकून केलेलं नाही.

हो, मी बंदीचा भात खातो. सरकारने कच्ची निकेलची माती बोटीत भरून परदेशी विकायला बंदी केली, म्हणून माती इथेच वितळवायला या भट्ट्या उभ्या राहिल्या. म्हणून माझ्यासारख्या सहावी नापास पोराला शिरस्त्राण, बूट आणि महिन्याला पंचाहत्तर लाख रुपियाह मिळतात. ऐकायला मोठे वाटतात. खोलीचं भाडं, खाणं आणि घरी पाठवायचे गेले की हातात काय राहतं ते मला माहीत आहे. पण मिळतात. आणि त्याच सरकारने गेल्या महिन्यात पामतेल बाहेर पाठवायला बंदी केली, तुमची तेलगिरणी बंद पडली आणि तुमचे घड झाडाखाली काळे पडले. एका बंदीवर मुलगा जेवतो आणि दुसऱ्या बंदीने बाप उपाशी राहतो. पण दोन्ही केल्या जकार्तावाल्यांनी. मला विचारून केल्या नाहीत. मग शिव्या मला का?

हेच भांडण इथेपण चालतं, तुम्हाला वाटेल मी एकटाच ऐकून घेतो. आमच्या पाळीत मातियुस म्हणून एक तोराजाचा आहे, बारा महिने खोकतो आणि बारा महिने वाद घालतो. परवा जेवताना म्हणतो, "काय रे सुगेंग, बापाच्या बंदीला शिव्या आणि आपल्या बंदीला सलाम? एक काहीतरी ठरव ना."

मी म्हटलं, "माती वर्षभर डोंगरात पडून राहिली तर ती कुजते का?"

"नाही."

"घड दोन दिवसांत कुजतो. ठरलं."

"म्हणजे बंदी चांगली की वाईट, ते कुजण्यावर?"

"कोणाचं कुजतं त्याच्यावर."

सगळे हसले. मातियुस म्हणाला, "मोठा झालास की मंत्री हो." मी म्हटलं, सहावी नापासला मंत्री करत असतील तर आजच होतो. हसलो खरं, पण नंतर उरलेला भात मातियुसच्या ताटात लोटला. तुमचाच आवाज ऐकू येत होता.

इथे तेलाचं काय चाललंय तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की तुमचे घड कुजले आणि आम्ही इथे तेलात पोहतोय. जेटीजवळ एक टपरी आहे, पाळी सुटली की आम्ही तिथे तळलेली केळी खातो. मार्चपासून टपरीवालीने केळी उकडून द्यायला सुरुवात केली. बंदीनंतर एकदा मी म्हटलं, "अजून हेच? आम्ही आजारी आहोत का?"

ती म्हणाली, "तेल लिटरला पंचवीस हजार झालंय. तू देतोस का? तुझ्या बापाची झाडं आहेत ना पामची? सांग त्यांना, एक पिंप पाठवा."

"झाडं आहेत, तेल नाही. माझी बहीण वीजी तिथे पाकिटासाठी रांगेत उभी राहते."

"पामच्या रानात राहून तेलासाठी रांग?"

"हो."

तिने झारा कढईवर आपटला. रिकाम्या कढईवर. "म्हणजे माझ्या कढईसाठी बंदी घातली, त्यात तुझ्या बापाचे घड कुजले, आणि कढई आहे तशीच कोरडी. मग तेल गेलं कुणीकडे?"

बापाक, हा प्रश्न मला अजून कुणी इतका सरळ विचारलेला नाही. जगात भाव चढला तेव्हा ज्याच्याकडे तेल होतं त्याने ते बाहेर विकलं. सरकारने आधी दुकानातला भाव बांधला, तर पाकिटं दुकानातून गायब झाली. भाव सोडला, तर पाकिटं आली पण हात लावता येईना. मग बंदी. प्रत्येक वेळी कोणीतरी आम्हाला वाचवायला धावलं आणि प्रत्येक वेळी पाय आमच्यावरच पडला.

माक असती तर काय म्हणाली असती? मला वाटतं, ती काही म्हणाली नसती, कोंबडी कापली असती.

आठवतं ना तुम्हाला? आख्खी चौथी वसाहत तिला हसायची. घडाला भाव आला की सगळ्यांच्या घरी मटण, आणि आपल्या ताटात सोयाबीनचं तेंपे आणि खारा मासा. मी रडायचो, कसली ही आई, पलीकडच्या घरातून वास यायचा. आणि भाव पडला, गिरणीने तोंड फिरवलं, सगळी वसाहत मिठाबरोबर भात खाते, तेव्हा माक कोंबडी मारायची. रश्शात खोबरं घालायची. तुम्ही चिडायचात, "लोक काय म्हणतील? पैसे कुठून आले असं विचारतील." ती म्हणायची, "म्हणू देत. चढलं तेव्हा मी जेवले नाही, आता जेवते." चांगल्या महिन्याला ती शहरात जाऊन एक बारीकशी अंगठी घेऊन यायची, वाईट महिन्याला तीच अंगठी विकून यायची. बोटात तिच्या कधी राहिली नाही. एवढंच तिचं शास्त्र. जकार्तात मोठ्या इमारतीत बसलेल्यांना ते जमत नाही. आपल्या मातीच्या चुलीसमोर बसून तिला जमायचं.

वीजीने व्हिडिओ पाठवला होता, तुम्हाला माहीत नसेल. जिल्ह्याच्या कचेरीसमोरचा. वीस-पंचवीस गाड्या, दारात घड ओतलेले, आणि आपल्या पिकअपच्या टपावर एक म्हातारा, माकची बांबूची टोपी घालून. तो ओरडतोय, "भाव चढला तेव्हा निर्यातीवर किलोकिलोमागे कर कापलात! आम्ही म्हटलं, कापा, पुढे उपयोगी पडेल. आता भाव पडला. कुठे ठेवलाय तो पैसा? दाखवा!" खालून कोणीतरी म्हणतो, "काका, खाली उतरा, पडाल." आणि म्हातारा म्हणतो, "पडलो तर उचला! भाव पडला तेव्हा कोण उचलायला आलं?"

मी तो व्हिडिओ पाळीतल्या सगळ्यांना दाखवला. मातियुसने दोनदा बघितला आणि विचारलं, "हा तुझा बाप?" मी म्हटलं, हो. "आणि तू असा कसा रे बारका?" म्हणाला.

तो टपावरचा माणूस आणि घडांचा दलाल टोके सुरीप याच्यासमोर मान खाली घालून "प्लॉट विकतो" म्हणणारा माणूस, हे दोघे एकच कसे, तेवढं मला सांगा.

कारण वीजीने तेही सांगितलंय. सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नका. पिकअपचे चार कोटी टोकेचे द्यायचे राहिलेत, महिनाअखेर द्यायचे, नाहीतर दोन हेक्टरचा प्लॉट त्याच्या नावावर. वर तो तीन कोटी हातावर ठेवणार आणि म्हणणार, बघा मी किती भला माणूस. गेल्या वर्षी आपल्या शेजारचा तेवढाच प्लॉट अठरा कोटींना गेला, बापाक. गेल्याच वर्षी. झाडं तीच, माती तीच. फक्त आता घड किलोला साडेतीन हजारांवरून बाराशेवर आलाय आणि तोही कोणी घेत नाही. टोकेला कळतं की हे असं राहणार नाही. म्हणून तर त्याला घाई आहे. बंदी उठेपर्यंत थांबायला त्याच्याकडे पैसा आहे, तुमच्याकडे नाही, एवढाच त्याचा धंदा.

पिकअप घेतली म्हणून मी तुम्हाला बोललो, ते परत घेतो. सगळी वसाहत भाव चढला म्हणून गाड्या घेत होती, मी समजलो तुम्हीही त्यातलेच. वीजीने खरं कारण सांगितलं. टोकेचा काटा दर खेपेला दहा-बारा किलो खातो, म्हणून स्वतःच्या गाडीने माल थेट गिरणीवर न्यायचा होता. ही गोष्ट तुम्ही मला का नाही सांगितली? हा तर माझ्यासारखाच विचार आहे. पण ज्याच्या काट्यातून सुटायचं त्याच्याकडूनच गाडी उधारीवर घेतलीत, आणि गिरणीच्या फाटकात लागणारी चिठ्ठीही त्याचीच. बंदी आली, गिरणीने माल मोजून घ्यायला सुरुवात केली, त्याने सगळ्यात आधी तुमची चिठ्ठी थांबवली. गाडी दारात, घड गाडीत, आणि रस वाहतोय रस्त्यावर. मला कळलं तेव्हा मी भट्टीजवळ उभा होतो आणि मला थंडी वाजली.

तर आता ऐका. प्लॉटच्या कागदावर माकचं नाव आहे. माकच्या मागे तुम्ही, वीजी आणि मी. टोकेने तुम्हाला सांगितलंच असेल की तिघांच्या सह्या लागतील, म्हणून तर तुम्ही ईदला ये, ईदला ये करत होतात. मला वाटलं होतं, बाप आठवण काढतोय. मी तिकिटाचे पैसेसुद्धा काढून ठेवले होते. मग वीजीचा फोन आला. मी आलो असतो, तुमच्या पायांशी बसलो असतो, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला असता, "सही कर, बाळा," तर मी केली असती. मला माझी खात्री आहे. म्हणून आलो नाही. ओव्हरटाइम मिळाला म्हणून आलो नाही असं जे वीजीला सांगितलं ते खोटं होतं.

मी सही करणार नाही. फोन करा, माणूस पाठवा, टोकेला विमानाने इथे पाठवा. नाही करणार.

तुम्ही म्हणाल, झाडं सोडून पळालेल्याला प्लॉटशी काय घेणं? पळालो, बरोबर आहे. पंधरा मीटरच्या झाडाखाली उभं राहून, मान मोडेपर्यंत वर बघत, लांब दांड्याचा कोयता ओढत आयुष्य काढायचं नव्हतं. अजूनही नाही. मी परत येणार नाही, हेही आजच सांगून ठेवतो, उगाच अंगण झाडून ठेवू नका. आणि प्लॉट विकूही देणार नाही. दोन्ही. तुम्हाला यात मेळ लागत नसेल तर नका लावू. तुम्ही जावातून रिकाम्या हाताने जांबीच्या रानात आलात तेव्हा आजोबांना तरी कुठे मेळ लागला होता?

झाडांना आता हात लावू नका. पिकून पडतील ती फळं पडू देत, खाली मका लावा, गाडीवरचं टोकेचं नाव काढून टाका. पिकअपमधून पालेभाजी न्या, शाळेची पोरं न्या, लग्नाची वऱ्हाडं न्या. शेजारचे सुपार्डीकाका आणि अजून तीन-चार घरं मिळून गिरणीची चिठ्ठी स्वतःच्या नावावर मागा. एकट्याला देत नाहीत, गटाला देतात असं पोनिरानचा भाऊ म्हणतो. टपावर चढून ओरडता येतं ना, मग फाटकासमोर बसून चिठ्ठीपण मागता येईल.

बंदी महिन्यात उठेल, नाहीतर दोन महिन्यांत. तेलाच्या टाक्या भरल्यात, गिरणीवालेच रडायला लागलेत, आणि त्यांचं रडणं जकार्ताला लवकर ऐकू जातं. उठली की भाव चढेल. मग परत पडेल. परत कोणीतरी काहीतरी बंद करेल. आपण मात्र चढलं की तेंपे खायचं. तेवढं मला वचन द्या.

आता पैशाचं. टोकेचे चार कोटी मी पाठवतोय. तुम्ही पहिला प्रश्न विचाराल, चार कोटी तुझ्याकडे कुठून आले? चोरी नाही, जुगार नाही, कर्ज नाही. दोन वर्षांचे साठवलेले आहेत. कशासाठी, ते विचारू नका.

नाही, सांगतोच. पोनिरानच्या पोटात काही राहत नाही, तो दुसऱ्या कॉफीला सांगून टाकेल.

ती जेटीजवळची टपरीवाली. तिचं नाव तेन्री. बुगिस आहे. त्यांच्यात नवऱ्या मुलाने मुलीच्या घरी आधी रक्कम ठेवावी लागते, पानाई म्हणतात, आणि ती ऐकूनच अर्धी मुलं पळून जातात. भट्ट्या यायच्या आधी इथे चार कोटीत लग्न व्हायचं. आता तिचे वडील आठ म्हणतात. मी त्यांच्या घरी गेलो होतो, नवीन शर्ट घालून, मातियुसला बरोबर घेऊन. ते म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण बाजार तुम्हाला माहीत आहे." मासे विकणारा माणूस आहे, बापाक, पण बोलतो असं की जणू निकेल त्याच्याच डोंगरातून निघतं. चार झाले होते माझे. अजून दोन वर्षं, मग आठ.

वीजीचा फोन आला त्या संध्याकाळी मी टपरीवर जाऊन बसलो. ती म्हणाली, "केळी उकडलेली आहेत म्हणून तोंड असं केलंयस?" मग सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती कसली रडते! म्हणाली, "पाठव."

"सगळे?"

"मग काय, अर्धा प्लॉट वाचवणार?"

"आणि तुझे वडील?"

"बाबांचा दर निकेलवर चालतो. निकेल पडलं की तेही खाली येतील. थांबायचं."

"आणि पडलंच नाही तर?"

"मग मी त्यांना बंदी घालीन."

असं म्हणून तिने माझ्यासमोर दोन केळी तळली. खऱ्या तेलात. बाटलीच्या तळाशी जे होतं ते सगळं कढईत ओतलं. पैसे घेतले नाहीत.

मग म्हणाली, "तुझ्या बापाला लिही, हे पैसे तुझे नाहीत, माझे आहेत. ते मागायला मी स्वतः येणार आहे, तेव्हा ती झाडं जागेवर दिसली पाहिजेत. आणि टपावर चढताना जपून म्हणावं."

लिहिलं. तिचा निरोप होता म्हणून लिहिलं.

उपकार केल्यासारखं वाटून घेऊ नका आणि परत पाठवायचा विचारही करू नका, मी परत घेणार नाही. टोकेकडे एकटे जाऊ नका. सुपार्डीकाकांना न्या, वीजीला न्या, मोजायला तिलाच सांगा. गाडीचे कागद हातात आल्याशिवाय उठू नका. तो चहा पाजेल, तो पिऊ नका. मान वर ठेवा. टपावर होती तेवढी.

आणि माकच्या कबरीवर जाल तेव्हा तिला सांगा की प्लॉट तिच्याच नावावर आहे.

फोन डब्यातून काढा. वाजला तर उचला.

बंदीचा भात खाणारा, त्याची लाज न वाटणारा,
तुमचाच मुलगा
सुगेंग

सोमवारी वीजीच्या खात्यावर येतील: चार कोटी एक लाख रुपियाह. चार कोटी टोकेचे, आणि भाव पडलाय म्हणून कोंबडीचा एक लाख.